किती उंचावरून?

शिक्षकांच्या एका शिबिरात मी उष्ण पाण्यात राहणाऱ्या जीवाणूंविषयी बोलत होतो. पडद्यावर अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील ग्रँड प्रिझ्मॅटिक स्प्रिंग या झऱ्याचा, थेट वरून काढलेला फोटो होता. नाव माहीत नसले तरी हा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. मधोमध गडद निळे पाणी, त्याभोवती हिरवट, मग पिवळे, केशरी आणि शेवटी विटकरी कडे, आणि त्या कड्यातून चहूकडे फुटलेल्या तपकिरी शिरा. लहान मुलाने काढलेल्या सूर्यासारखे ते दिसते. मी रंगांबद्दल बरेच बोललो. बोलून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारले, "सर, हे केवढे आहे?"

मी म्हणालो, "असेल वीस-पंचवीस मीटर."

घरी येऊन पाहिले. झऱ्याचा व्यास सुमारे ११० मीटर आहे, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाच्या लांबीहून थोडा जास्तच. खोली सुमारे ३७ मीटर. बारा मजली इमारत उभीच्या उभी आत जाईल. उत्तर चुकले याचे मला फारसे वाईट वाटले नाही, चुकतो माणूस. वाईट याचे वाटले की तो फोटो मी कित्येक वर्षे दाखवत होतो आणि हा प्रश्न मला स्वतःला एकदाही पडला नव्हता. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकातला फोटो मोजपट्टी न छापता आणला तर मी तो परत पाठवतो. आकाशातून काढलेल्या फोटोला मात्र मी ती सवलत देऊन टाकली होती.

अशा फोटोंचा सध्या सुकाळ आहे. ड्रोन स्वस्त झाला, हातातल्या पिशवीत मावू लागला, आणि परदेशी जाणारी आपली मंडळी तो बरोबर नेऊ लागली. आइसलँडच्या नद्यांच्या वेण्या, नॉर्वेचे कडे, मालदीवची बेटे, सगळे वरून. ही चित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून आपल्याकडे येतात आणि भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या तासाला वर्गात पोचतात. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ती पोरांना आवडतात यात नवल नाही. प्रवासी त्यांच्याकडे आठवण म्हणून पाहतो, ठीक आहे. पण वर्गात आले की चित्र पुरावा होते, आणि पुराव्याची उलटतपासणी करावी लागते. ती करण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी या चित्राचे जे देणे आहे ते मान्य करू. ग्रँड प्रिझ्मॅटिकचे मोठेपण वरूनच कळते. मधले पाणी सुमारे ८७ अंश सेल्सिअस तापमानाचे असते. प्रकाशसंश्लेषण करणारे जीव साधारण ७३ अंशांच्या वर टिकत नाहीत, म्हणून मध्यभागी त्यांचा थर नाही. तिथे दिसतो तो खोल, स्वच्छ पाण्याचा निळा रंग. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि परत येणाऱ्या प्रकाशात निळा उरतो. पाणी काठाकडे पसरत जाते तसे निवते, आणि जिथे ते पुरेसे निवले तिथे नीलहरित जीवाणूंचा पहिला पिवळा थर सुरू होतो. आणखी बाहेर, आणखी गार पाण्यात, दुसऱ्या जीवांची वस्ती, दुसरी रंगद्रव्ये, म्हणून केशरी. त्याच्याही बाहेर विटकरी. म्हणजे निळ्या आणि पिवळ्याची सीमा ही जवळजवळ एक समताप रेषाच आहे. नकाशात आपण काढतो तशी, फक्त इथे ती जीवाणूंनी काढलेली आहे. काठावर उभे राहून हे दिसत नाही. तिथे दिसते समोरची दोन-चार मीटर केशरी साय आणि पलीकडे वाफ. एवढी गोष्ट एका दृष्टिक्षेपात सांगणारे चित्र वाईट कसे म्हणावे?

तरीही बाईंचा प्रश्न उरतोच. केवढे?

याचे उत्तर चित्रात नसते, पण चित्र आणि उंची या दोहोंत मिळून असते. दहावीच्या भूमितीतला समरूपतेचा धडा इथे पुरेसा आहे. कॅमेरा सरळ खाली तोंड करून असेल, तर जमिनीचा जेवढा पट्टा चित्रात मावतो त्याची रुंदी आणि कॅमेऱ्याची उंची यांचे गुणोत्तर ठरलेले असते. प्रवासी वापरतात त्या लहान ड्रोनच्या नेहमीच्या भिंगाला हे गुणोत्तर साधारण १.४ येते. १०० मीटर उंचीवरून सुमारे १४० मीटर रुंद जमीन दिसते. चित्रात आडवे ४,००० बिंदू असतील तर एक बिंदू म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. हीच गोष्ट मोबाइलवर करून पाहता येते. जमिनीवर मोजपट्टी ठेवून बरोबर एक मीटर उंचीवरून सरळ खाली फोटो काढावा, किती सेंटिमीटर मावले ते पाहावे, आणि मग शाळेच्या गच्चीवरून तसाच फोटो काढून अंगणाची रुंदी सांगावी. दोरीने मोजून पडताळा घ्यावा. दोरी आणि फोटो यांचे भांडण लागले तर उत्तम, तास सत्कारणी लागला.

आता उलट करून पाहू. ग्रँड प्रिझ्मॅटिकचा व्यास आता माहीत आहे, ११० मीटर. माझ्या शिबिरातल्या फोटोत झरा रुंदीच्या साधारण एक तृतीयांश होता. म्हणजे चित्राची रुंदी ३३० मीटर. तो अशा लहान ड्रोनने काढला असेल तर उंची ३३० भागिले १.४, म्हणजे सुमारे २३५ मीटर. अमेरिकेत हौशी ड्रोनला जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२२ मीटरची मर्यादा आहे. तेव्हा तो फोटो एक तर विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून, वेगळ्या भिंगाने काढलेला असणार, नाही तर नियम मोडून. कोणते खरे, हे फोटोखाली लिहिलेले नव्हते. फोटोखाली काहीच लिहिलेले नव्हते.

२०२३ च्या जुलैत मला त्या झऱ्यापाशी जाण्याचा योग आला. माझा भाचा डेन्व्हरला असतो. त्याच्या मोटारीतून आम्ही यलोस्टोनला गेलो. त्याच्या पिशवीत २४९ ग्रॅम वजनाचा ड्रोन होता. हा आकडा सहज आलेला नाही. अनेक देशांच्या नियमांत २५० ग्रॅम ही पहिली सीमा आहे (आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांतही २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन सर्वांत लहान वर्गात मोडतो), म्हणून कारखानदार काट्यावर एक ग्रॅम राखून यंत्र बनवतात. भाच्याचा समज असा की एवढ्या हलक्या यंत्राला कुठेच कोणी विचारत नाही.

"मामा, अडीचशेच्या आतला आहे. चालतो."

"पाटी वाच," मी म्हणालो.

पाटीवर बंदी होती आणि वजनाचा उल्लेखच नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत जून २०१४ पासून ड्रोन उडवण्यास मनाई आहे, मग तो २४९ ग्रॅमचा असो की २४ किलोंचा. भाच्याचे तोंड उतरले. मलाही, खरे सांगायचे तर, थोडे वाईट वाटले. त्या फोटोची परतफेड करायची संधी हुकली असे वाटले.

मग आम्ही शेजारच्या टेकडीवर गेलो. झरा वरून पाहता यावा म्हणून उद्यानाने २०१७ मध्ये तिथे पायवाट आणि सज्जा केला आहे. चढ जेमतेम ३२ मीटरचा. सकाळी आठला पोचलो तर खाली पांढऱ्या वाफेचा ढीग होता. रंग नाहीच. हवा गार, पाणी कढत, दुसरे काय होणार? नऊला तसेच. साडेदहाच्या सुमारास ऊन चढले, वाफ विरळ झाली, आणि कडी एकेक करून उघडी पडू लागली. झरा तिथून वर्तुळ दिसत नाही, लंबवर्तुळ दिसतो, कारण आपण तिरपे पाहत असतो. पण एक गोष्ट दिसली जी माझ्या फोटोत नव्हती. काठाने लाकडी पूल गेला आहे आणि त्यावरून माणसे चालत होती, मुंग्यांएवढी. त्या क्षणी ११० मीटर हा आकडा मला पहिल्यांदा समजला. शिबिरातला फोटो मी परत काढून पाहिला, तर पुलाची बाजू कापून टाकलेली होती. सौंदर्याला माणसांची अडचण झाली असावी.

ते दोन-अडीच तास थांबलो नसतो तर आणखी एक गोष्ट लक्षात आली नसती. जगभर फिरणारे या झऱ्याचे बहुतेक फोटो उन्हाळ्यातल्या भर दिवसाचे असतात, कारण तेव्हाच तो दिसतो. पण थरांचा रंग वर्षभर एक नसतो. उन्हाळ्याच्या प्रखर उजेडात जीवाणूंमध्ये कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये वाढतात आणि केशरी-तांबडा रंग चढतो. हिवाळ्यात हरितद्रव्य वरचढ होते आणि थर गडद हिरवे दिसतात. उन्हाळ्यातला फोटो खोटा नाही. पण तारीख नसलेला फोटो वर्गात "हा झरा केशरी आहे" असे सांगतो, आणि ते अर्धेच खरे आहे.

रंगांवर अविश्वास ही या झऱ्याची जुनीच कथा आहे. १८७१ मध्ये हेडन यांच्या नेतृत्वाखालील सर्वेक्षण पथक तिथे गेले तेव्हा बरोबर विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार आणि टॉमस मोरान हा चित्रकार होता. जॅक्सनच्या फोटोंना रंग नव्हते. मोरानच्या जलरंगातल्या चित्रांना होते, आणि ते लोकांना अतिशयोक्त वाटले. १८७८ मध्ये ए. सी. पील या भूवैज्ञानिकाने पुन्हा जाऊन रंगांची खात्री करून घेतली. चित्र पाहून "सुंदर!" म्हणण्याऐवजी "खरे कशावरून?" असे कोणीतरी म्हणाले आणि त्यासाठी एवढा प्रवास केला, ही मला चित्राइतकीच मोलाची गोष्ट वाटते. आज फोनमध्ये बोट सरकवून निळ्याचा जांभळा करता येतो, आणि आता तर कधीच न उडालेल्या ड्रोनचे फोटो संगणक तयार करून देतो. पील यांचे काम वाढले आहे.

बंदीकडे परत येऊ, कारण तिच्या कारणांत या चित्रांवरचा माझा दुसरा आक्षेप आहे. बंदी लागू झाल्यानंतर दीडच महिन्यात, २ ऑगस्ट २०१४ रोजी, एका परदेशी पर्यटकाचा ड्रोन याच ग्रँड प्रिझ्मॅटिकमध्ये पडला. त्याला दंड झाला. झऱ्यात वस्तू पडली तर काय होते याची कल्पना जवळच्याच मॉर्निंग ग्लोरी पूल या दुसऱ्या झऱ्यावरून येते. तो एके काळी गडद निळा होता. पर्यटकांनी पिढ्यानपिढ्या त्यात नाणी, दगड आणि कचरा टाकला, खालून येणाऱ्या गरम पाण्याची वाट अडली, पाणी निवले, आणि काठचे पिवळे-केशरी थर आत सरकले. अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४ च्या अखेरीस 'अप्लाइड ऑप्टिक्स' या नियतकालिकात एक साधे प्रकाशीय गणित मांडले. पाण्याची खोली, तळाचा रंग आणि पाण्याचे प्रकाश शोषणे-विखुरणे एवढ्यावरून त्यांनी या तळ्याचे आजचे रंग काढून दाखवले, आणि थर नसताना ते कसे निळे दिसत असेल तेही. म्हणजे आज पर्यटक ज्या हिरव्या-पिवळ्या झळाळीचा हौसेने फोटो काढतात, तिच्यात आधीच्या पर्यटकांचा हात आहे.

बंदीमागचे दुसरे कारण प्राणी. २०१४ च्याच वसंतात झायन उद्यानात एका ड्रोनमुळे रानमेंढ्यांचा कळप बिथरला आणि पिल्ले मोठ्यांपासून तुटली होती. आणि इथे मला एका चित्रफितीबद्दल बोलले पाहिजे, जी आपल्यापैकी अनेकांनी वर्गात दाखवली असेल. रशियाच्या मगादान प्रदेशातली ही चित्रफीत नोव्हेंबर २०१८ मध्ये जगभर पसरली. बर्फाच्या उभ्या उतारावर एक अस्वलीण आणि तिचे पिल्लू. आई वर पोचते, पिल्लू घसरते, पुन्हा चढते, पुन्हा घसरते, आणि शेवटी पोचते. आपल्याकडे ती "प्रयत्नांती परमेश्वर" अशा मथळ्याने फिरली. मीही ती दोघांना पुढे पाठवली होती, हे कबूल करतो.

आता ती चित्रफीत आवाज बंद करून, मथळा विसरून पुन्हा पाहा. पिल्लू जवळजवळ पोचलेले असताना चित्र एकदम मोठे होते, आणि त्याच क्षणी आई पंजा मारते. पिल्लू खाली जाते. कित्येक प्राणी-अभ्यासकांनी तेव्हा म्हटले की आई ड्रोनला घाबरली होती, आणि एवढ्या लहान पिल्लाला घेऊन तिने असा धोक्याचा उतार धरण्याचे कारणही बहुधा तेच. ड्रोन चालवणाऱ्याचे म्हणणे, आपण जवळ गेलोच नव्हतो, चित्र नंतर मोठे केले. कोण बरोबर? चित्रफितीवरून ठरवता येत नाही. ड्रोन किती दूर होता ही एकच संख्या हवी होती, आणि चित्रफितीबरोबर आलेला होता सुविचार.

अस्वल शांत दिसले म्हणजे शांत असते असेही नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात संशोधकांनी काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके नोंदवणारी उपकरणे बसवली आणि त्यांच्यावरून ड्रोन उडवले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ड्रोन आल्यावर अस्वले क्वचितच हालली. ठोके मात्र सर्वांचे वाढले, आणि एकदा तर ते मिनिटाला १२३ ने वाढले. त्या प्रसंगाचा वरून फोटो काढला असता तर काय दिसले असते? झाडीत निवांत बसलेले अस्वल. ड्रोनच्या फोटोत सगळे दिसते, फक्त ड्रोन दिसत नाही, आणि तो तिथे असल्याने काय घडले तेही दिसत नाही.

खेदाची गोष्ट अशी की हरवलेली माहिती मुळात हरवलेली नसतेच. ड्रोन हे मोजणीचे यंत्र आहे. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, उंची आणि कॅमेऱ्याचा कोन लिहून ठेवतो. त्या नोंदींच्या जोरावरच भूमापक शेकडो फोटो जोडून टेकडीचा चढ-उतार काढतात. पण आपण तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या रीतीने पाठवला की ही नोंद पुसली जाते. पोचते ते फक्त सौंदर्य. ओळंबा आणि फूटपट्टी घेऊन आलेल्या गवंड्याकडून भिंतीवर नुसती रांगोळी काढून घ्यावी, तसे हे आहे.

पूर्वी असे नव्हते. १९०६ च्या एप्रिलमध्ये भूकंपाने आणि आगीने सॅन फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त झाले. सहाएक आठवड्यांनी जॉर्ज लॉरेन्स याने पतंगांच्या माळेला वीस किलोंहून जड कॅमेरा टांगून शहराचे विशाल दृश्य टिपले. ते आजही पाहण्यासारखे आहे. पण मला आवडते ती त्याच्या कडेला लिहिलेली ओळ. कॅमेरा उपसागरावर २,००० फूट उंचीवर होता, समोर शहराचा किनारा आहे आणि सूर्य गोल्डन गेटवर मावळतो आहे, असे त्यात सांगितले आहे. जागा, उंची, दिशा, वेळ, सगळे एका ओळीत. (पतंगांना त्याने ऐटीत "बांधलेले वायुयान" म्हटले आहे, ते सोडून देऊ. विक्री करायची होती.)

टेकडीवरून उतरताना भाच्याला मी हे सगळे ऐकवले. त्याने बहुतेक कंटाळून ऐकले असावे. पण महिनाभराने त्याने घराजवळच्या माळावर, जिथे उडवायला मनाई नाही तिथे, सरळ खाली पाहणारा एक फोटो काढला आणि मूळ फाइल दस्तऐवज म्हणून पाठवली, म्हणजे नोंद शाबूत राहते. फोटोत वाळलेले गवत, एक कच्चा रस्ता आणि त्यावर त्याची मोटार. मी ती फाइल शिबिरातल्या त्या बाईंकडे पाठवली आणि लिहिले, "उंची आत लिहिलेली आहे. चित्रातला माळ किती रुंद ते मुलांकडून काढून घ्या. १.४ ने गुणायचे."

चार दिवसांनी त्यांचे उत्तर आले. मुलांनी फाइल उघडली, उंची वाचली १,६६० मीटर, गुणाकार केला आणि माळाची रुंदी २,३२४ मीटर काढली. सगळ्यांचे उत्तर एकच आल्याने वर्ग खूश होता. मग एका मुलीने त्याच हिशोबाने मोटार मोजली. ती सव्वाशे मीटर लांब निघाली.

"सर," बाईंनी पुढे लिहिले होते, "मोटार तर एवढी नसणार. ही उंची कुठून मोजलेली आहे, जमिनीपासून की समुद्रसपाटीपासून?"

मी भाच्याला फोन लावला. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटर उंचीवर आहे हे मला पाठ होते. फाइलमध्ये उंचीच्या दोन नोंदी असतात, आणि उडवल्या जागेपासूनची दुसरी नोंद, ६० मीटर, आणखी आत दडलेली होती. मी फाइल पाठवण्यापूर्वी ती स्वतः उघडूनही पाहिली नव्हती.